वकील कोणाला बांधील?



माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल व्यवसायाने वकील होते. १९४३ साली सिद्धगडावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कर्जत-खालापुरात आज जमिनीचे व्यवहार होत असताना विचारले पाहिजे : वकील कोणाला बांधील?

इंग्लंडने २००७ च्या कायद्याने बिगरवकिलांना वकिली पेढ्यांच्या मालकीची मुभा दिली. नीतिपालनावर देखरेख करणारा अधिकारी पेढीतच असतो. तो नियामकाला उत्तरदायी खरा, परंतु वेतन मालकाचे घेतो.

आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार बिगरवकिलाशी भागीदारी निषिद्ध आहे. १९६१ च्या कायद्यान्वये गैरवर्तनाबद्दल सनदही जाऊ शकते. ही तटबंदी राखलीच पाहिजे.

आदिवासीची जमीन शासकीय परवानगीवाचून बिगरआदिवासीस विकता येत नाही. जमीन घेऊ पाहणारे भांडवलच पेढीचे मालक झाले, तर कातकऱ्याला हा कायदा सांगणार कोण?