शिदोरी आपली, रान केरळचे
(मंडळाच्या सहल-विभागापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळात सहलीचा विषय निघाला की आम्हां बेने इस्रायल कुटुंबांना एक प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही खाणार काय?’ प्रश्न आपुलकीचा असतो. परंतु त्याचे उत्तर वेळीच न शोधल्यामुळे आमची वडील मंडळी घरी राहतात, अथवा आली तरी सर्वांची पंगत बसली असता बाजूला केळी सोलीत बसतात. इस्रायलहून येणाऱ्या आमच्या आप्तांना डोंगर चढण्याची हौस दांडगी. त्यांचेही घोडे येथेच अडते. नियम मोडू नये आणि साहसही सुटू नये, अशी सहल आखता येते. उदाहरणादाखल आम्ही केरळ घेतो.

कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आमच्या पूर्वजांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हा शनिवार आणि स्वयंपाकघर, या दोन गोष्टी प्रथम कागदावर मांडाव्या; तिकिटे मागाहून काढावी.

प्रथम स्वयंपाकघर. ‘कोशेर’ म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे खाण्यास योग्य. मांस विधिपूर्वक कापलेल्या विहित पशुपक्ष्यांचेच चालते, आणि मांस व दूध एकत्र येता कामा नये. म्हणूनच आमच्या घरी मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध. प्रवासात सोपा मार्ग असा, की आठवडाभर मांस वर्ज्यच करावे. मग भांड्यांचे दोन संच बाळगण्याचे कारण उरत नाही.

येथे पुष्कळांचा एक समज असतो, की शाकाहारी खाणावळ गाठली म्हणजे काम झाले. तसे नाही. भांडी कोणती, चूल कोणी पेटविली, पालेभाजीत कीड राहिली नाही ना, चीज कशाने विरजले, हे सारे पाहावे लागते. यास्तव स्वयंपाकाची सोय असलेली जागा घ्यावी आणि एक टोप, एक तवा, सुरी व ताटल्या नव्या घ्याव्या. धातूची नवी भांडी वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून शुद्ध करण्याचा विधी आहे. कोचीला समुद्र हाताशीच आहे. चूल आमच्यापैकी कोणी पेटवावी. सेफार्दी रीत पाळणारे भांडेही स्वहस्ते चुलीवर ठेवतात.

मासळीला पर आणि खवले दोन्ही हवेत. केरळचा प्रसिद्ध करिमीन या कसोटीस उतरतो. सुरमई व बांगडाही चालतात. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, माकूल मात्र नाही. मासा अखंड, खवल्यांसह पाहून घ्यावा आणि आपल्याच सुरीने कापावा. तांदूळ, डाळ, रवा, पोहे घरून न्यावे. शहाळी, नेंद्रन केळी आणि मूवाट्टुपुळा भागातील अननस वाटेवर मिळतात. फळ अखंड घेऊन आपणच कापले की शंका राहत नाही.

आता दिवस. जूनपासूनचा पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला परतीचा पाऊस टाळून डिसेंबर-जानेवारी निवडावा. जळवांचा त्रासही तेव्हा कमी. रविवारी कोचीस उतरून सामान जमवावे. सोमवारी सुमारे 130 किलोमीटरवरील मुन्नार गाठावे. मंगळवार-बुधवार मीशपुलिमलासाठी ठेवावे. हे शिखर 2,640 मीटर उंच असून वनविकास महामंडळाची परवानगी आधी काढावी लागते. तेथील मुक्कामात जेवण ठरलेले असते. आपली शिदोरी आपण आणू, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. बुधवारी सायंकाळी ठेक्कडी. गुरुवारी पेरियार व्याघ्र प्रकल्पात बांबूच्या तराफ्यावरून जलविहार व रानातून पदभ्रमण. तेथील वाटाड्यांत पूर्वी त्याच रानात चोरटी तोड व शिकार करणारेही होते. तेच पुढे जंगलाचे राखणदार झाले.

शुक्रवारी तांबडे फुटताच निघावे. घाटरस्त्याला पाच तास धरले तरी दुपार होते, आणि सूर्यास्त सहा-सव्वासहाचा. तत्पूर्वी शनिवारचे अन्न शिजून झाकलेले असावे, दिवे लागलेले असावे. शनिवारी वाहन नाही, विस्तव नाही, खरेदी नाही. म्हणून मुक्काम फोर्ट कोची-मट्टांचेरीत, पायी फिरता येईल असा घ्यावा. 1568 मध्ये बांधलेले परदेशी सिनेगॉग रविवारी पाहावे, कारण शनिवारी ते प्रवाशांस बंद असते.

एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानी धरावी. रानात सर्पदंश झाला, कोणी कड्यावरून घसरले, तर शनिवार असला तरी गाडी काढावी, विस्तव पेटवावा. प्राण वाचविणे हे शनिवारच्या नियमाहून श्रेष्ठ आहे, अशी शास्त्राचीच आज्ञा आहे.

हे सारे ऐकून आमच्यासाठी मंडळाने किती खटाटोप करावयाचा, असे कोणास वाटेल. परंतु पाहा : आम्ही शिजविलेला वरणभात, नारळाच्या दुधातली बटाट्याची भाजी आणि करिमीन आपणांपैकी मासळी खाणाऱ्या कोणासही चालेल, न खाणाऱ्यांना पहिले दोन पदार्थ आहेतच. आपल्या ताटातले आम्हांला चालेलच असे नाही. आमच्या टोपातले बहुतेकांस चालते. तेव्हा टोप एकच ठेवावा. मुलखापासून दूर राहणाऱ्या आपणांस एका पंगतीचे मोल सांगावयास नको.