यष्टीमागचा माणूस



आमच्या गावच्या संघात मी बारा वर्षं यष्टिरक्षक होतो. तीस षटकांचा सामना म्हणजे एकशे ऐंशी बैठका. त्या कुणी मोजायचं नाही. सुटलेला एक झेल मात्र संध्याकाळी पारावर चघळला जायचा. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कॅचरची हीच तऱ्हा. छातीला चिलखत, तोंडाला जाळी, उकिडवं बसून खुणेनं सांगायचं, कोणता चेंडू टाक. टाळ्या टाकणाऱ्याला!

अशा कामाचं मोल मला कळलं ते बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगर यांच्यामुळे. ते यष्टिरक्षक नव्हेत. सलामीला खेळायचे, मध्यमगती गोलंदाजी करायचे. ऑगस्ट 2002, इंग्लंडमधलं लीड्स. ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी, आणि तरीही भारताची पहिली फलंदाजी. सेहवाग लवकर बाद झाला. बांगर टिकून राहिले. 236 चेंडूंत 68 धावा, द्रविडबरोबर 170 धावांची भागीदारी. मागून द्रविडनं 148, तेंडुलकरनं 193, गांगुलीनं 128 धावा काढल्या. भारत डावानं जिंकला. आपल्याला आठवतात ती तीन शतकं. त्यांचा पाया कुणी घातला, हे कितीजण सांगतील?

बांगर यांच्या वाट्याला 12 कसोटी आल्या. 2003 च्या विश्वचषकाच्या संघात ते होते, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. तरी रेल्वेकडून 2013 च्या आरंभापर्यंत ते खेळत राहिले. पुढे 2014 ते 2019 भारतीय फलंदाजांना शिकवलं. रोज मैदानावर जाणं, हीच त्यांची कारकीर्द.

हे सगळं मी परवा एका पोराला सांगितलं. त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. तो म्हणाला, "सर, मला कीपिंग नको. त्यात नाव होत नाही." लीड्सची गोष्ट ऐकून काही बोलला नाही, पॅड बांधले आणि यष्टीमागे जाऊन बसला.

दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर फडावर गेला. पट्टा पडेपर्यंत आता परतायचा नाही. त्याची जागा मागायला दोघंजण येऊन गेले. ग्लोव्ह्ज माझ्या कपाटात आहेत. कुणाला दिलेले नाहीत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)