गांडूळ काय खातं?
(मसुरे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दावा मंजूर झाला, पट्टा हातात आला, आता पुढे काय, असं बायका विचारतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन मुलाबाळांकडे जाते, पण विकता येत नाही. चांगलंच आहे, नाहीतर केव्हाच बंगलेवाल्याच्या घशात गेली असती. पण गहाणही ठेवता येत नाही, म्हणून कर्ज मागायला गेलं की हात हलवत परत. मग खताची गोण उधार, आणि भात झाल्यावर अर्धं त्या उधारीत. जमीन आपली, पीक दुकानदाराचं! म्हणून आज गांडुळाबद्दल बोलते.

गांडुळाला दात नसतात. ते हिरवं, ताजं खात नाही. अर्धवट कुजलेलं आणि त्यावर वाढलेले बारीक जीवच ते खातं. आपण आंब्याकाजूचा पातेरा गोळा करतो आणि तरव्याच्या भाजावळीला जाळतो. त्यातला थोडा बाजूला ठेवा. ही पानं चिवट, म्हणून भिजवून, शेण कालवून महिनाभर कुजवा. पेंढा, भाजीची देठं, केळीचा सोप, सगळं चालतं. शेण मात्र पंधरा दिवसांचं हवं. ताजं शेण तापतं, गांडुळं मरतात.

काय नको? सुक्या बांगड्याची डोकी नकोत, मीठ त्याचं अंग जाळतं. खाडीचं मचूळ पाणी तर अजिबात नको. आमसुलं, लिंबाच्या साली, मिरची, तेलकट, काजूबियांची टरफलंही नकोत.

घरात ठेवायला फुटका टब किंवा लाकडी खोका पुरे. खाली भोकं पाडा. तळाला नारळाची सोडणं, वर पेंढा, वर शेण-पातेरा. उंची दीड फुटाच्या आत, नाहीतर आतून तापतं. वर ओलं गोणपाट. माती मुठीत दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पावसाळ्यात मांगरात किंवा पडवीतच ठेवा, उघड्यावर गांडुळं बुडतील नाहीतर पळतील. खोक्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. कोंबड्यांपासून मात्र तुम्हीच सांभाळा.

शेतातलं गावठी गांडूळ खोल जातं, माती खातं. ते टबात रमत नाही. टबात हवं वरच्या कचऱ्यात राहणारं, लाल, आयसेनिया फेटिडा म्हणतात ते. अर्धा किलो पुरे. विकत सगळ्यांनी घेऊ नका, एका घरी वाढली की शेजारी द्या.

दोन-अडीच महिन्यांत चहापूडसारखं खत होतं. उजेडात ढीग करा, गांडुळं खाली जातात, वरचं काढून घ्या.

एका टबावर एकरभर भात पिकत नाही, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तरव्याला आणि परसातल्या वांगी-मिरचीला पुरेल. तेवढी गोण कमी.

आणखी एक. ज्यांचे दावे अजून अडकलेत त्यांनी नवा खताचा वाफा पुरावा म्हणून दाखवू नये. कसणूक 13 डिसेंबर 2005 च्या आधीची लागते. जुने बांध, जुनी सपाटी, म्हाताऱ्यांचे जबाब, ते जमवा. ग्रामसभेला येताना तेच कागद आणा.