यादीत नाव आणि सभेत माणूस
(पेठ येथील मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



नांदगाव, मालेगाव, येवल्याकडचे कापूस-ज्वारीवाले आज पेठला आले आहेत. येथला पाऊस बघून त्यांना हेवा वाटत असेल. वाटू देऊ नका. हे पाणी डोंगरावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन दरीत उतरतात. भात, नागली, वरई घरात आली की शेतात काम उरत नाही. मग गावेच्या गावे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत मुक्काम तिकडेच. कोरडवाहू साल बुडाले की तुमच्यातलाही कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. तसेच हे.

आज मला मताबद्दल बोलायचे आहे. निवडणुकीतल्या मतावर थोडे, ग्रामसभेतल्या मतावर जास्त.

द्राक्षावरून एक हकीकत सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डेलानो नावाचे गाव आहे, द्राक्षाचेच. 1965 च्या सप्टेंबरात तिथल्या मजुरांनी संप केला. पहिल्यांदा फिलिपिनो मजूर उठले, आठ दिवसांनी मेक्सिकन वंशाचे त्यांना मिळाले. पुढारी सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्यूर्टा, एक पुरुष आणि एक बाई. 1966 साली ही माणसे डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेली, सुमारे पाचशे किलोमीटर. सगळे जग या पदयात्रेबद्दल बोलते. ती माणसे त्याआधी काय शिकली होती, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

1947 साली लॉस एंजेलिस शहरात एडवर्ड रॉयबाल हा मेक्सिकन वंशाचा उमेदवार नगर परिषदेच्या निवडणुकीत पडला. त्याच्या माणसांची वस्ती मोठी होती, पण मतदार यादीत त्यांची नावेच नव्हती. मग त्यांनी संघटना काढली. मोठ्या सभांच्या नादी लागण्याऐवजी एकेकाच्या घरी आठ-दहा माणसे बसवायची, गटाराचे, शाळेचे, पोलिसाचे गाऱ्हाणे ऐकायचे, आणि उठताना नाव नोंदवायचे. दोन वर्षांनी, 1949 मध्ये, रॉयबाल निवडून आला. चावेझ आणि ह्यूर्टा दोघेही याच संघटनेत तयार झाले. पुढे 1974 साली टेक्सासात विली वेलास्केझ याने हेच काम हाती घेतले. त्याचे सांगणे एवढेच, की तुमचे मत हाच तुमचा आवाज. 1975 साली तिथला मतदानाचा कायदा सुधारला आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना आपल्या भाषेत मतपत्रिका मिळू लागली.

त्यांना यादीत शिरायलाच इतकी वर्षे गेली. आपल्याकडे काय आहे? पेठ तालुका सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात. सरपंच आदिवासीच असतो. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या. 1996 चा पेसा कायदा आहे, 2014 चे राज्याचे नियम आहेत. पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. खर्चाचा दाखला ग्रामसभेने द्यायचा, लाभार्थी ग्रामसभेने निवडायचे. कागदावर आपण डेलानोवाल्यांच्या पुष्कळ पुढे आहोत.

आता बघा. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले. सहा तारखेला निघाले, बारा तारखेला आझाद मैदानात. पेठ-सुरगाण्याची माणसे त्यात होती. मुलांची दहावीची परीक्षा, रस्ता अडू नये, म्हणून शेवटच्या रात्री झोप न घेता चालली. मोठी मागणी वनहक्काची होती. पण वनहक्काचा दावा सुरू कुठे होतो? मुंबईत नाही, गावातल्या ग्रामसभेत. 2012 च्या सुधारित नियमाप्रमाणे त्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. मी शेतीचा पदवीधर, मला हिशेब मांडायची खोड आहे. सहाशे मतदारांचे गाव धरा. तीनशे माणसे हवीत, त्यात शंभर बाया. सभा 26 जानेवारीला, आणि त्या दिवशी माणसे निफाडात द्राक्षाच्या घडाखाली! कोरम कुठून होणार?

मग काय होते, हे सगळ्यांना माहीत आहे. रजिस्टर घरोघर फिरते, अंगठे उठतात. पुढे दाव्याला हरकत निघाली की ती सभा उभी राहत नाही, आणि नुकसान दावेदाराचे होते.

कापूसवाल्यांनो, तुम्ही हसू नका. तुमच्या साध्या गावात 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग पाराखालची सात माणसे घरकुलाची यादी ठरवतात. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर येणारा गडी या सभेला मात्र घरी असतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असे ठरलेले आहे. किमान म्हणजे चारच नव्हे. बागेवरची माणसे होळीला येतात, मोसम संपल्यावर येतात. तेव्हाची तारीख मागा, लेखी मागा. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, त्यांच्याकडून अर्जाची पोच घ्या.

दुसरे, यादी. मतदार यादीत नाव नाही तो ग्रामसभेचा सभासदच नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते. तिकडे ती जात नाही, इकडे मोजत नाहीत. शंभर बाया कमी पडतात त्या अशा. नाव हलवायचा अर्ज नमुना 8, नवे नाव घालायचा नमुना 6. 2022 पासून पोरगा-पोरगी अठराची झाली की वर्षभर थांबायला नको. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

आणि महिला ग्रामसभा आधी झालीच पाहिजे. ती कागदावर उरकू देऊ नका. बायांनी तिथे दारूचा, पाण्याचा विषय लिहून घ्यावा आणि तोच कागद मोठ्या सभेत वाचावा.

आता जेवणानंतर पाड्यापाड्याने बसू. प्रत्येक गटाने दोन याद्या करायच्या आहेत. कोणाचे नाव मतदार यादीत नाही ही एक, आणि बागेवरून कोण कधी परत येतो ही दुसरी. पाहुण्यांनी ऊसतोडीची तशीच करावी. कागद मंचाशेजारी ठेवले आहेत, पेन मात्र तीनच आहेत.