माळ्यावरचा संगणक भंगारात देण्याआधी

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, ‘नोकरीबद्दल बोलू नकोस, छंदाबद्दल बोल.’ बरंच झालं. सॉफ्टवेअरमधलं माझं काम सांगायला लागले असते, तर निम्मी मंडळी जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली असती. माझा छंद आहे जुने घरगुती संगणक गोळा करण्याचा आणि ते चालू ठेवण्याचा. घरचे त्याला सरळ ‘भंगार’ म्हणतात. सध्या माझ्याकडे नऊ यंत्रं आहेत, त्यातली सहा चालतात. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. एकाचीच सांगते, कारण ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आपली संगणक खोली आठवते ना? चपला बाहेर काढायच्या, रांगेत आत जायचं, एका यंत्रासमोर तिघांनी बसायचं. शाळेतली एसी असलेली एकमेव खोली. त्यामुळे मे महिन्याच्या आधी आपल्या सगळ्यांनाच संगणकाची अचानक गोडी लागायची. टेबलावर फिकट क्रीम रंगाची जाड पेटी, तिच्यातच कीबोर्ड, वरच्या बाजूला लालसर बटणांची ओळ. चालू केलं की आधी जाडा आणि मग बारीक असे दोन आवाज यायचे. त्या यंत्राचं नाव बीबीसी मायक्रो.

ते यंत्र इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं, १९८१ च्या डिसेंबरातलं. बीबीसीला टीव्हीवरून लोकांना संगणक शिकवायचा होता, आणि कार्यक्रमासोबत लोकांच्या हाती द्यायला एक यंत्र हवं होतं. १९८२ च्या जानेवारीत कार्यक्रम सुरू झाला आणि ते यंत्र तिथल्या बहुतेक शाळांत पोचलं. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांमधल्या संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा निवडल्या आणि यंत्र निवडलं हेच. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीकडे त्याचं काम आलं. आपल्या वाट्याला ती यंत्रं आली तोवर ती जुनीच झाली होती. पण आपल्याला कुठे माहीत होतं!

आता थोडे आकडे सांगते. त्या यंत्राची स्मृती ३२ केबी होती. तुमच्या फोनवर रोज सकाळी जो फुलांचा ‘शुभ प्रभात’ येतो, तो दीडशे केबीचा असला तर तो ठेवायला अशी पाच यंत्रं लागतील. ती ३२ केबी सुद्धा १६ वेगवेगळ्या चिपांमध्ये वाटलेली. झाकणाचे स्क्रू काढले की त्या रांगेत बसलेल्या दिसतात. अमुक चिप बिघडली तर पडद्यावर अमुक प्रकारची खूण उमटते, हे नकाशा समोर ठेवून शोधता येतं. मला या छंदाची ओढ लागली ती इथे. मी ज्या प्रणालींवर पोटापाण्याचं काम करते, त्या अथपासून इतिपर्यंत कुणा एका माणसाच्या डोक्यात मावत नाहीत. माझ्याही नाही. हे यंत्र मावतं. वीज कुठून आत येते इथपासून पडद्यावर अक्षर कसं उमटतं इथपर्यंत एक माणूस सगळं समजून घेऊ शकतो.

आणि ते तेवढं क्षुल्लकही नव्हतं. त्याची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि यंत्राची रचना करणाऱ्यांपैकी स्टीव्ह फर्बर या दोघांनी पुढे एकॉर्नसाठी एक नवीन प्रोसेसर आखला. तो प्रत्यक्षात बनवण्याआधी त्याची नक्कल याच बीबीसी मायक्रोवर, याच बेसिकमध्ये चालवून पाहिली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली. तिचं नाव आर्म. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

आता देखभालीबद्दल. जुनी यंत्रं वापरून मरत नाहीत, ती पडून राहून मरतात. त्यात आपली कोकणची हवा. पहिला धोका असतो पॉवर सप्लायमध्ये. तिथे थेट मुख्य विजेवर बसवलेले एक-दोन छोटे कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते. मग कुणी कौतुकाने प्लग लावतं, मिनिट-दोन मिनिटं सगळं छान चालतं, आणि ‘फट्’ आवाज होऊन घरभर उग्र वासाचा धूर होतो. बहुतेक वेळा यंत्राला काहीच झालेलं नसतं. पण घाबरलेले घरचे ते त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकतात. तो कपॅसिटर दोन चहांच्या पैशात मिळतो. दुसरं म्हणजे चिपांचे पाय. खाचेत बसवलेल्या चिपा गरम-गार होत होत हळूहळू वर सरकतात. अनेक ‘मेलेली’ यंत्रं केवळ चिपा काढून, पाय पुसून, पुन्हा नीट दाबून बसवल्यावर उठून बसतात. तिसरं, पिवळेपणा. त्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घातलेली असत, आणि उजेडाने, उष्णतेने, वर्षांनी ते पिवळं पडतं. त्यावर उपाय ब्यूटी पार्लरच्या दुकानात मिळतो. केसांसाठीचं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम झाकणाला लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. आमच्या सोसायटीत मी पापड वाळत घालत नाही, संगणक वाळत घालते, अशी माझी ख्याती आहे.

पण आज मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

चार वर्षांपूर्वी शाळेचं जुनं कोठार रिकामं करायचं ठरलं, तेव्हा आपल्या शिपाईमामांनी फोन केला. दोन बीबीसी मायक्रो, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक खोका. दोन यंत्रांचं मिळून एक चालतं केलं. ते सोपं होतं. फ्लॉप्या उजेडात धरून पाहिल्या तर तबकडीवर पांढरी नक्षी होती. बुरशी.

फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ चकतीवर दिलेला लोहाच्या ऑक्साइडचा लेप. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर वाचणारं टोक लेप खरवडून काढतं आणि त्यावरची माहिती कायमची जाते. म्हणून आधी आवरण कापून चकती बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची, सुकवायची, स्वच्छ आवरणात घालायची, दरवेळी ड्राइव्हचं टोक पुसायचं आणि मगच वाचायची. वाचायला ‘ग्रीझवीझल’ नावाचं छोटं सर्किट मिळतं. ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून आजच्या संगणकात उतरवतं. अकरा फ्लॉप्यांपैकी सात पूर्ण वाचल्या, दोन अर्ध्या वाचल्या आणि दोन गेल्या.

वाचलेल्यांपैकी तीन कारखान्यातून आलेल्या होत्या. इंग्रजी स्पेलिंगचे खेळ, नकाशे वगैरे. त्या गेल्या असत्या तरी बिघडलं नसतं. इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी त्या केव्हाच जपून ठेवल्या आहेत. उरलेल्या चार फ्लॉप्यांवर बाईंचं अक्षर होतं. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगताना मला थोडं दडपण येतंय.

बाई गणित शिकवायच्या. थोड्या दिवसांचं सरकारी प्रशिक्षण घेऊन त्या संगणकाच्याही बाई झाल्या. त्या फ्लॉप्यांवर त्यांनी पाचवी-सहावीच्या मुलांसाठी लिहिलेले मराठी प्रोग्राम होते. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. पण नवीन अक्षर शिकवायची एक सोय होती. आठ बाय आठ चौकोनांत ठिपके भरायचे आणि त्याचे आठ आकडे यंत्राला सांगायचे. नेहमीच्या सोयीत अशी ३२ अक्षरंच मावायची. आपली मुळाक्षरंच त्याहून जास्त, वर काना-मात्रा वेगळ्या! बाईंनी काय केलं ते प्रोग्राम वाचून कळलं. प्रत्येक धड्यात लागतील तेवढेच आकार आधी भरायचे. क्ष एका चौकोनात बसेना, म्हणून त्याला शेजारचे दोन दिले. मात्रा वरच्या ओळीत, उकार खालच्या ओळीत. आणि शिरोरेषेसाठी वरची ठिपक्यांची ओळ अख्खी भरली, म्हणजे शेजारची अक्षरं आपोआप जोडली जातात. बाईंनी हे आलेखाच्या वहीवर पेन्सिलीने आखून केलं असणार. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगते, मर्यादेत बसवलेलं इतकं नेटकं काम मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

अशा बाई, असे सर अनेक शाळांत असतील. त्यांचं काम केंब्रिजच्या संग्रहालयात नाही. ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात आजही बीबीसी मायक्रोंचा वर्ग मांडलेला आहे, मुलं तिथे बसून टाइप करतात. पण तिथे पावकी-निमकीचा पाढा विचारणारा प्रोग्राम सापडणार नाही. जुनं यंत्र नसलं तरी चालेल, त्याची नक्कल करणारे प्रोग्राम आज ब्राउझरमध्येही चालतात. पण नक्कल तेवढंच चालवते जेवढं कुणीतरी वेळेत उतरवून ठेवलेलं असतं. आपल्या दोन फ्लॉप्यांवर काय होतं, ते आता कुठलंच यंत्र सांगू शकणार नाही.

म्हणून मागणं एवढंच. दिवाळीच्या सफाईत माळ्यावर जुना संगणक, स्पेक्ट्रम, कमोडोर, काहीही निघालं, तर प्लग लावून पाहू नका आणि पॉवर सप्लाय उघडू नका, त्यात बंद असतानाही वीज साठलेली असू शकते. यंत्रापेक्षा त्याच्यासोबतच्या कॅसेट, फ्लॉप्या आणि वह्या आधी बाजूला काढा. फ्लॉपी ‘चालते का’ म्हणून घालून बघू नका. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि मला फोन करा. आपल्यापैकी कितीजण आज शिक्षक आहेत. आपापल्या शाळेच्या कोठारात एकदा डोकावून या. पुढच्या पावसाळ्याआधी.

बाईंचे चारही प्रोग्राम मी शाळेच्या ग्रंथालयात जमा केले आहेत आणि चालतं केलेलं यंत्र मुख्याध्यापक सरांच्या परवानगीने खालच्या वर्गात मांडलं आहे. जेवण झाल्यावर नक्की या. चपला बाहेर काढायची गरज नाही. पण सहावीची दोन मुलं सकाळपासून तिथे ठाण मांडून बसली आहेत, त्यांना उठवण्याची जबाबदारी तुमची.