लेबल झाकून शिकवणारा मास्तर

वाइन ही दारू की नाही, यावर २०२२ साली महाराष्ट्रात बरीच हमरीतुमरी झाली. सुपरमार्केटमध्ये ती विकू द्यावी का, असा तो वाद होता. आज मी त्यात शिरणार नाही. मला सांगायचं आहे ते एका वाइनच्या मास्तराविषयी. वाइनलाही मास्तर असतो का, असं तुम्ही विचाराल. पण स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज गृहस्थांनी आयुष्यभर दुकानदारी केली, लेख लिहिले, पुस्तकं लिहिली. मुळात ते होते शिक्षकच.

त्यांचा जन्म १९४१ सालचा, घर श्रीमंत. तेरा वर्षांचे असताना नाताळच्या जेवणानंतर आजोबांनी १९०८ सालच्या पोर्ट वाइनचा पेला त्यांच्या हातात दिला आणि मुलाचा जन्मभराचा धंदा ठरून गेला. १९६४ मध्ये लंडनच्या एका जुन्या वाइन-व्यापाऱ्याकडे ते उमेदवारी करू लागले. त्याच सुमारास घरचा खडी-वाळूचा व्यवसाय विकला गेला आणि वाट्याला अडीच लाख पौंड आले. त्यातले बरेच पुढे नको त्या उद्योगांत बुडाले, पण थोडे उरले. ते घेऊन हे साहेब बायकोसह पॅरिसला गेले.

तिथे मादलेन चौकाजवळच्या एका बोळात वाइनचं छोटं दुकान विकायला होतं. मालकीणबाई विधवा, नवऱ्याचं दुकान परक्याला, त्यातून इंग्रजाला द्यायला राजी होईनात. तेव्हा स्पुरिअर यांनी सहा महिने त्यांच्याकडे बिनपगारी काम करायची तयारी दाखवली. बाटल्या उचलल्या, घरपोच दिल्या आणि १९७१ साली दुकान त्यांचं झालं. फ्रेंच माणसाला इंग्रजाने वाइन विकायची म्हणजे कोल्हापूरकराला बाहेरच्याने तांबडा रस्सा शिकवण्यातलाच प्रकार! पण आसपास इंग्रजी बोलणारी मंडळी खूप होती, अमेरिकन वकिलात जवळच होती. ही गिऱ्हाइकं बाटली घेता घेता प्रश्न विचारत. ही वाइन महाग का? ती आंबट का? या प्रश्नांतूनच १९७३ मध्ये शेजारच्या कुलपं बनवणाऱ्याच्या गाळ्यात शाळा उघडली. नाव ‘आकादमी द्यु व्हँ’, म्हणजे वाइनची अकादमी. सोबतीला जॉन विनरॉथ हा वाइनवर सदर लिहिणारा अमेरिकन पत्रकार. फ्रान्समध्ये ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. सामान्य गिऱ्हाइकाला ती शिकवावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता ही चव शिकवायची कशी? पेला उजेडात धरून रंग पाहायचा, हलवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. इथवर सोपं आहे. अवघड आहे ते नावाचा प्रभाव दूर ठेवणं. आपल्याकडे कर्नाटकातला हापूस देवगडच्या पेटीत भरून विकला जातो, हे तुम्ही ऐकलं असेल. पेटीवरचं नाव वाचलं की जीभ आधीच गोड होते. वाइनचंही तसंच. म्हणून बाटली कागदात गुंडाळतात, नुसते क्रमांक घालतात आणि मग चाखतात. कोण, कुठली, केवढ्याची, काही कळत नाही. उरते ती जीभ.

हाच धडा २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात फ्रान्समधल्या दिग्गजांना मिळाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. त्यानिमित्त कॅलिफोर्नियाच्या वाइन मांडाव्यात, ही कल्पना स्पुरिअर यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांची. बाटल्या आणल्या त्या फ्रान्सच्या सहलीवर आलेल्या कॅलिफोर्नियाच्या मंडळींच्या सामानातून! नऊ फ्रेंच परीक्षक बसले. त्यांत नामवंत उपाहारगृहांचे मालक होते, रोमाने-कोन्तीसारख्या जगप्रसिद्ध द्राक्षमळ्याचे भागीदार होते, वाइनविषयक मासिकाच्या संपादिका ओदेत कान होत्या. पांढऱ्या दहा, तांबड्या दहा. प्रत्येकीत सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. स्पुरिअर यांना वाद नको होता, दुकानाची आणि शाळेची थोडी जाहिरात हवी होती. फ्रेंच वाइन जिंकतील याची त्यांना खात्री होती. पत्रकार आला एकच, ‘टाइम’चा जॉर्ज टेबर, आणि तोही त्यांच्या शाळेचा जुना विद्यार्थी.

टेबरच्या हातात बाटल्यांची यादी होती, त्यामुळे त्याला गंमत दिसत होती. एक परीक्षक कॅलिफोर्नियाची वाइन चाखून समाधानाने फ्रान्सला परत आल्याचं सांगत होते! पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली शातो माँटेलीनाची १९७३ची शार्डोने. नऊच्या नऊ परीक्षकांनी पहिला क्रमांक कुठल्या ना कुठल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनला दिला होता. हा निकाल तांबड्यांच्या फेरीआधीच वाचला गेला. साहजिकच परीक्षक सावध झाले. तरीही पहिली आली नापा खोऱ्यातल्या स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने. मूतों रॉथशिल्ड आणि ओ-ब्रियाँ तिच्या मागे. ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्पुरिअर यांनी ती दिली नाही.

या निकालाचा फार गाजावाजा होतो, पण नऊ माणसं, एक दुपार, गुण अत्यंत विखुरलेले आणि तांबड्यांत पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर नाममात्र. दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा घेतली असती, तर क्रम बदललाही असता. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या जाणकारांना कुठली वाइन कुठल्या देशाची, हेच ओळखता आलं नाही. ते अडाणी नव्हते. आजवर त्यांना लेबलाशिवाय या तुलनेला कुणी बसवलं नव्हतं, एवढंच.

स्पुरिअर यांना मात्र हे महागात पडलं. फ्रेंच वर्तमानपत्रांनी आधी मौन पाळलं, मग कुचेष्टा केली. ते सांगत, की वर्षभर त्यांना फ्रान्सच्या प्रतिष्ठित वाइन-फेऱ्यांपासून दूर ठेवलं गेलं. टीकाकार म्हणाले, बोर्दोच्या तांबड्या वाइन वयानुसार खुलतात. थांबा, मग बघा. ते थांबले. २४ मे २००६ला लंडन आणि नापा इथे एकाच दिवशी त्याच तांबड्या पुन्हा चाखल्या गेल्या. तीस वर्षं मुरलेल्या त्या बाटल्यांत पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. या खेपेलाही फ्रान्स जिंकेल, असं स्पुरिअर यांना वाटलं होतं!

त्या दुपारने चांगली वाइन कुठेही होऊ शकते, हा धीर दूरदूरच्या शेतकऱ्यांना दिला. आपल्या नाशिकचा पहिला मोठा प्रयोगही कॅलिफोर्नियाच्या वाटेनेच आला. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, तिथे नोकरी करून परतले आणि कॅलिफोर्नियाच्याच केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने त्यांच्या सुला वाइन २००० साली बाजारात आल्या.

पॅरिसचं दुकान पुढे विकावं लागलं. इंग्लंडला परतून स्पुरिअर यांनी ‘डिकँटर’ मासिकात वर्षानुवर्षं लेखन केलं, लिलाव संस्थेच्या वर्गांत शिकवलं, स्पर्धांचे निकाल लावले. पॅरिसच्या शाळेतून मिशेल बेतान यांच्यासारखे फ्रान्सचे नामवंत वाइन-समीक्षक तयार झाले. म्हणजे ज्या इंग्रजाला हसले, त्याच्याच वर्गातून!

आणि मग २००९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या बाटल्यांना जन्मभर गुण देणाऱ्या या माणसाने डॉर्सेटमधल्या बायकोच्या मेंढ्यांच्या शेतात द्राक्षं लावली. जमीन खडूसारख्या चुनखडीची, शँपेनच्या मातीच्या जातीची. तिथून फेसाळ वाइन निघू लागली. ९ मार्च २०२१ला ते गेले, तोवर त्यांच्याही बाटल्या कागदात गुंडाळून इतरांच्या टेबलावर क्रमांकाने मांडल्या जात होत्या.