भूमी जाणणे हीही भूमिभक्तीच



महाराष्ट्रातील कित्येक जुन्या घरांच्या देवघरात आजही शाळिग्राम असतो. काळाभोर, गुळगुळीत, कुठे कुठे चक्राची खूण असलेला हा पाषाण विष्णुरूप मानून नित्य पूजिला जातो. तो येतो नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रातून, मुक्तिनाथाच्या परिसरातून. समुद्रापासून शेकडो मैल दूर, हिमालयाच्या ऐन गाभ्यातून. परंतु त्याच्या पोटातील चक्र हे भूशास्त्राच्या दृष्टीने एका सागरी जीवाच्या शंखाचा ठसा आहे. अमोनाइट नावाचे हे जीव सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्रात राहत होते. तो समुद्र आज नाही. त्याच्या तळाचा गाळ आज हिमालयाच्या शिखरांवर आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही एके काळी समुद्राच्या तळाशी होता.

एवढे समजल्याने शाळिग्रामावरची श्रद्धा तिळभरही कमी होण्याचे कारण नाही. उलट ज्या भूमीला आपण माता म्हणतो, तिच्या जन्माची कथाच त्या मुठीएवढ्या पाषाणात साठलेली आहे, हे कळल्यावर हात अधिक आदराने जोडले जातील. प्रश्न एवढाच आहे की, मातेला वंदन करणाऱ्या पुत्रांना तिची प्रकृती किती ठाऊक आहे? भूगोल म्हटला की राजधान्या, पिके आणि नद्यांची नावे पाठ करण्याचा, परीक्षेपुरता विषय, अशी समाजाची समजूत झाली आहे. या समजुतीची किंमत आपल्या देशाने फार मोठी मोजली आहे.

एका टकरीतून घडलेला देश

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे पट्ट अतिशय मंद गतीने सरकत असतात. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले, तेव्हा विद्वानांनी त्याची गय केली नाही. पुढे सागरतळाचे संशोधन झाले आणि १९६० च्या दशकात या विचाराला भक्कम पाया मिळाला.

या विज्ञानात भारताचे नाव पानोपानी आहे. दक्षिण गोलार्धातील ज्या प्राचीन महाखंडातून भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका वेगळे झाले, त्याचे नाव आहे गोंडवन. आपल्या मध्य भारतातील गोंड बांधवांच्या भूमीवरून ते जगाने घेतले. चंद्रपूरच्या खाणींतील दगडी कोळसा त्याच गोंडवन काळातील खडकांत सापडतो. १८९७ मध्ये आसाम-शिलाँग परिसरात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला आणि भूकंपलहरींच्या अशाच अभ्यासातून पुढे १९०६ मध्ये पृथ्वीच्या पोटात गाभा असल्याचा पुरावा जगापुढे ठेवला.

गोंडवनापासून सुटलेला भारताचा पट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या पट्टावर आदळला. मधला टेथिस समुद्र मिटला आणि हिमालय उभा राहिला. ही टक्कर अजून संपलेली नाही. आजही भारतीय पट्ट वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटीमीटर सरकतो आहे. माणसाचे नख वाढावे, साधारण त्या वेगाने.

हिमालयाने मध्य आशियातील थंड वारे अडवले, मान्सूनला बळ दिले, गंगा-ब्रह्मपुत्रेला जन्म दिला, त्यांच्या गाळाने उत्तरेचे सुपीक मैदान घडवले. आपले अन्न, आपली तीर्थे, आपले ऋतू या टकरीचे देणे आहे. आणि त्याच टकरीचा ताण जेव्हा खडकांना असह्य होतो, तेव्हा भूकंप होतो. वरदान आणि संकट यांचे मूळ एकच आहे. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येत नाही.

सह्याद्रीचा पाषाण

महाराष्ट्राची भूमी वेगळ्या रीतीने घडली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला आणि थरावर थर साचत दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाखाली आहे. या थरांमुळेच सह्याद्रीला पायऱ्या-पायऱ्यांचे रूप आले, ताशीव कडे मिळाले. अजिंठा-वेरूळच्या लेण्या याच पाषाणात कोरल्या गेल्या. छत्रपती शिवरायांनी राजगड, रायगड उभारले ते या खडकाचे मर्म ओळखून. कडा हीच तटबंदी, कातळात खोदलेले टाके हीच पाण्याची सोय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, ते वाचताना भूरचनेची केवढी सूक्ष्म जाण त्या राज्यकर्त्यांना होती, हे ध्यानात येते. शत्रूपेक्षा स्वतःची भूमी अधिक जाणणे, हे स्वराज्याचे मोठे शस्त्र होते.

आज त्याच सह्याद्रीच्या कुशीत डोंगर कोसळून गावे गाडली जात आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. कठीण पाषाणावर मुरमाचा आणि मातीचा थर असतो. अतिवृष्टीत पाणी त्यात मुरते, थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि सारा उतार खाली येतो. डोंगराला भेग पडणे, झाडे तिरकी होणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा दिसल्या तर वस्तीने त्या ओळखायला हव्यात. पण त्या शिकवणार कोण?

कोयना आणि किल्लारी

दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूखंड, इथे भूकंपाचे भय नाही, असे पूर्वी निःशंकपणे सांगितले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि तो विश्वास डळमळला. भूकंपाची तीव्रता ६.३ हून अधिक होती. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरण टिकले आणि पुढे त्याचे मजबुतीकरणही झाले. मोठ्या जलाशयाचे पाणी खोल भेगांत झिरपते, तेथील दाब वाढवते आणि आधीच ताणलेल्या खडकाला सरकण्यास निमित्त मिळते, याचे कोयना हे जगातील ठळक उदाहरण मानले जाते. म्हणूनच कराडजवळ केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने संशोधन केंद्र उभारले आणि कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विवर खोदून अभ्यास चालवला. महाराष्ट्रातील किती घरांत ही गोष्ट मुलांना सांगितली जाते?

पुढचा आघात अधिक क्रूर होता. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. बाप्पांना निरोप देऊन लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. तीव्रता होती ६.२. याहून मोठे भूकंप जगात इतरत्र होतात आणि तेथे इतकी माणसे मरत नाहीत. मग इथे का मेली?

उत्तर घरांत होते. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे पिढ्यान्‌पिढ्या सोयीची ठरली होती. परंतु भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे आरपार दगड नव्हते, चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. १९९२ मध्येही त्या भागात धक्के जाणवले होते. त्यांचा अर्थ गावापर्यंत कोणी पोहोचवला असता, तर निदान भिंतींच्या मजबुतीचा विचार तरी सुरू झाला असता.

त्या काळात स्वयंसेवक भर पावसात ढिगारे उपसण्यासाठी, अंत्यसंस्कारांसाठी धावून गेले. हराळीला ज्ञान प्रबोधिनीने शाळेचे काम उभे केले. समाजाची ही संवेदनशीलता अभिमानास्पदच आहे. पण कटू वाटले तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. ढिगाऱ्याखालून प्रेत काढणे हे सेवाकार्य आहेच. ढिगाराच होऊ नये म्हणून घराची भिंत तपासणे हे त्याहून मोठे सेवाकार्य आहे. त्यात छायाचित्र निघत नाही, त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये हाच धडा पुन्हा मिळाला. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत कोसळलेल्या घरांखाली सापडले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे आज वीर बाळ स्मारक आहे. त्याच कच्छमध्ये भुंगा नावाची गोल, हलक्या छपराची पारंपरिक घरे मात्र मोठ्या प्रमाणात टिकली. १८१९ मध्येही कच्छने महाभूकंप सोसला होता. गोल घराने तो धडा लक्षात ठेवला. बहुमजली इमारतींनी तो विसरला.

स्मरण हेच संरक्षण

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भारतीय पट्ट शेजारच्या पट्टाखाली सरकला आणि त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावर सव्वादोन लाखांच्या आसपास बळी घेतले. त्या दिवशीच्या दोन घटना मनावर कोरून ठेवण्याजोग्या आहेत. थायलंडच्या किनाऱ्यावर दहा वर्षांची एक इंग्रज शाळकरी मुलगी होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामी शिकली होती. समुद्राचे विचित्र फेसाळणे पाहून तिने आईवडिलांना सावध केले आणि तो किनारा रिकामा झाला. दुसरी घटना इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाची. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथल्या लोकांनी कथागीतांतून जपली होती. जमीन हलली की डोंगराकडे धावायचे, एवढाच तिचा आशय. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात जण दगावले.

एकीला शाळेने वाचवले, दुसऱ्यांना परंपरेने. परंपरा आणि विज्ञान यांचे वैर आहे असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी या घटनांवर विचार करावा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याची कारणमीमांसा आज टिकणार नाही. पण निसर्गाकडे पाहून नोंद करण्याची वृत्ती त्यात आहे. पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे सांगत बसण्याऐवजी त्यांची ती वृत्ती पुढे नेणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय. त्सुनामीनंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे भारताने स्वतःचे इशारा केंद्र उभारले, ही त्याच वृत्तीची आधुनिक खूण आहे.

हिमालयाबाबत हे अधिकच लागू पडते. जोशीमठ हे नगर जुन्या दरडींच्या राडारोड्यावर वसले आहे आणि तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावले होते. २०२३ च्या जानेवारीत तेथील घरांना तडे गेले, तेव्हा देशाला त्या अहवालाची आठवण झाली. देवभूमी म्हणायचे आणि तिचे धारणसामर्थ्य विचारात घ्यायचे नाही, ही भक्ती नव्हे. सीमेवर रस्ते हवेत, यात्रेकरूंची सोयही हवी. पण ते कसे आणि कुठे करावे, हे खडकाला विचारूनच ठरवायला हवे.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? घर बांधताना किंवा सदनिका घेताना फरशीच्या रंगाइतकीच चौकशी इमारतीच्या भूकंपरोधक रचनेची करावी. जड कपाटे भिंतीला जखडावीत. धक्का बसताच भक्कम टेबलाखाली आसरा घ्यावा, हे मुलांकडून करवून घ्यावे. भूकंपाचा दिवस आणि वेळ कोणी सांगू लागला, तर ती अफवा समजावी. तसे शास्त्र आज जगात कोणाकडेही नाही. शाखेने वर्षातून एक दिवस आपल्या परिसरातील डोंगर, ओढा, जुन्या भिंती पाहण्यासाठी राखून ठेवावा. गणेशोत्सव मंडळांनी देखाव्यांत किल्लारीचा धडाही मांडावा. गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने मुलांना जवळच्या टेकडीवर न्यावे आणि पायाखालचा दगड कुठून आला, हे सांगावे.

भूमी माता आहे आणि आपण तिचे पुत्र आहोत, हे वैदिक ऋषींनी सांगून ठेवले. आईचा स्वभाव मुलाला ठाऊक असतो. तिचा थकवा, तिचा ताण तो न सांगता ओळखतो. आज रात्री देवघरातील शाळिग्रामापुढे हात जोडताना घरातील एखाद्या मुलाने विचारले, 'आजी, हा समुद्रातला प्राणी डोंगरात कसा गेला?', तर त्याला गप्प करू नका. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले, तर उद्या कुठल्यातरी किल्लारीत एखादी भिंत उभी राहील आणि तिच्या आड एक कुटुंब सुखरूप झोपलेले असेल.